दिवा वाढव

१

टिटवाळ्याचं घर घेताना आम्ही सगळं बघितलं होतं. पाण्याची टाकी, स्वयंपाकघरातला ओटा, स्टेशनवरून रिक्षा मिळते का, समूची शाळा किती लांब. जिना तेवढा बघितला नव्हता. लिफ्ट असलेल्या इमारतीत जिना कोण बघतं?

तो मी पहिल्यांदा बघितला लाइट गेल्यावर, म्हणजे खरं तर बघितला नाहीच. चारी बाजूंनी भिंत, एक खिडकी नाही, एक झरोका नाही. बाहेर संध्याकाळचं ऊन अजून रेंगाळत असायचं आणि आत स्वतःचा हात दिसत नसे. आमच्याकडे संध्याकाळची लाइट जाते. रोज नाही, पण मी वागळे इस्टेटमधून सुटून, कल्याणला गाडी बदलून, पिशवी सावरत खाली पोचते तेव्हाच नेमकी जाते असं मला वाटतं. रत्नदीप म्हणतो, विनू, तुला सगळं जग तुझ्यावरच उलटलंय असं वाटत असतं. वाटतं खरं.

समू तेव्हा नुकतीच पाच वर्षांची झालेली. शाळेनंतर ती तळमजल्यावरच्या सोनलकडे असायची, तिथून मी तिला वर आणायची. आमचा पाचवा मजला. एका खांद्यावर माझी पर्स, दुसऱ्यावर तिचं दप्तर, एका हातात भाजी, दुसऱ्या हातात समू. मग फोन धरायचा कुठे? तोंडात? आणि तोवर फोनची बॅटरी संपलेलीच असायची. मला एकच भीती होती. समू त्या जिन्यावरून पडेल. रोज चढताना मी मनात तिला पडताना बघायचे, रोज नव्या पायरीवरून.

जिन्यातल्या दिव्यांची तक्रार घेऊन मी सेक्रेटरीकडे गेले. कमलेश. ही जमीन त्यांचीच होती, आता पहिला मजला सगळा त्यांचा. तो दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही. दिवे बॅटरीवर लावून बघितले, म्हणाला, बाकीचे टिकतात, तिसऱ्याच्या खालच्या वळणावरचा टिकत नाही, म्हणून सगळेच काढून टाकले. का टिकत नाही, विचारलं.

"आमचं शेत होतं इथं, मॅडम. शेतात संध्याकाळ झाली की काळोखच असतो. तुम्ही आलात राहायला."

मागे त्याची बायको हसली. मग मला दिलासा द्यावा तसा तो म्हणाला, "छोटा टॉर्च येतो ना, किल्लीला लावायचा. तो घ्या. चांगला घ्या पण."

२

मी काम करते ती कंपनी दिवे तपासते. ट्यूब, पॅनल, रस्त्यावरचे मोठे दिवे. कुठला किती उजेड देतो याचे कागद माझ्या सहीनं बाहेर जातात. अशा बाईला किल्लीचा एक टॉर्च निवडायला किती वेळ लागावा?

खूप लागला. बटणाच्या सेलवर चालणारा हलका असतो, पण सेल ऐनवेळी मान टाकतो. चार्जिंगचा घ्यावा तर चार्ज करायची आठवण कोण ठेवणार. डोकं पिळून चालू होणारा पर्समध्ये आपोआप पेटत नाही, पण त्याला दोन हात लागतात. मी रात्री परीक्षणं वाचत बसायची. अमक्यानं लिहिलेलं, तीन वर्षं खिशात आहे, धुण्यात गेला तरी चालतो. मला त्या अमक्याचा हेवा वाटायचा.

शेवटी कल्याणच्या बाजारात एक घेतला. निळा, करंगळीएवढा. दुकानदारानं तो माझ्याच डोळ्यांवर मारून दाखवला.

पुढच्याच वेळी लाइट गेली तेव्हा मी तो पेटवला. समू म्हणाली, "आई, हिरा." पायऱ्या दिसल्या. कठडा दिसला, भिंतीवरचे पानाचे फराटे दिसले. मला इतकं हलकं वाटलं की मी जिना चढताना चक्क गुणगुणत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आलो आणि डाव्या हाताच्या कोपऱ्यात उजेड पोचला नाही.

म्हणजे कसं? भिंत दिसत होती, ती कोपऱ्याकडे जाताना दिसत होती, मग दिसत नव्हती. काळोखाला कडा नव्हती. उतारावरचं पाणी दगडाला वळसा घालून जातं, तसा उजेड तिथून बाजूला वळत होता. मी टॉर्च हलवला. तो पुन्हा वळला.

स्वस्तातला माल, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत करायला गेले. काय खराबी आहे, दुकानदारानं विचारलं. मी म्हटलं, कोपऱ्यात पोचत नाही. त्यानं तो पेटवून दुकानाच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरवला, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मला घरून ओळखीची होती.

३

त्याच सुमारास सासूबाई देवरुखहून आल्या, गुडघ्याचं ऑपरेशन करायला. ऑपरेशन झालं आणि त्या राहिल्या. खाली उतरायची त्यांना बंदी होती, त्यामुळे दिवसभर घर त्यांचं आणि संध्याकाळी समू त्यांची.

त्यांचं माझं भांडण कधी झालं नाही. त्या माझ्या हातचं जेवून झाल्यावर "पोट भरलं" म्हणायच्या, एवढंच.

देवापुढचं निरांजन त्या रात्री शांत करायच्या. समू एकदा म्हणाली, आजी, मी विझवू? सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"विझव म्हणायचं नाही घरात. दिवा वाढव म्हणायचं."

समूला कळेना. वाढव म्हणजे मोठा कर ना? मग आजीनं तिला मांडीवर घेऊन शिकवलं. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द तोंडातून गेला की तो ऐकणारं कुणीतरी असतं. म्हणून उलटं बोलायचं.

समू खूश. दोन दिवस तिनं घर वाढवून सोडलं. टीव्ही वाढव, पंखा वाढव, माझ्या हातून कप फुटला तर टाळ्या पिटत, आई, कप वाढला. मी वैतागले. मुलीच्या डोक्यात सरळ अर्थ आधी बसू दे, उलटा मागाहून, असं मी रत्नदीपला ऐकवलं, सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्या भाजी निवडत राहिल्या.

त्याच आठवड्यात कधीतरी आम्ही दोघी वर येत होतो. फोनचा टॉर्च होता, बॅटरीच्या शेवटच्या काडीवर. त्या वळणावर समूनं माझा हात सोडला, मागे वळली आणि कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "येते हं."

मी विचारलं, कुणाला म्हणालीस?

"जाते म्हणायचं नसतं ना," ती म्हणाली. मीच तिला शिकवलेलं. कुणाच्या घरून निघताना म्हणतात तसं.

४

दुसरा टॉर्च मी महागातला मागवला. किल्लीला लावायचाच, पण लोखंडी बोल्टासारखा भरीव, सोबत गळ्यात घालायची दोरी. बटण एकच. एकदा दाबलं की मंद लागतो, पुन्हा दाबलं की मोठा, दाबून धरलं की बंद. समू एका संध्याकाळीत शिकली.

आणि ऑफिसातून मी लक्स मीटर आणला. उजेड मोजायचं यंत्र. मुठीत मावणारं, डोक्यावर पांढरी वाटी, खाली आकडा. रत्नदीपनं विचारलं, तू जिन्याचं सर्टिफिकेट काढणार का? मी म्हटलं, हो.

शनिवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार होती. मी समूला आजीजवळ ठेवून वळणावर गेले आणि मीटर पोछ्याच्या दांड्यानं कोपऱ्यात सरकवला. हातानं ठेवला नाही. याला कारण विचारू नका; मी सुशिक्षित बाई आहे आणि मी पोछा वापरला.

मंद उजेडात मीटरवर आकडा आला. लहान, पण आला. मला बरं वाटलं. मग बटण दाबून उजेड मोठा केला. आकडा कमी झाला. मला वाटलं माझाच हात हलला. एक पायरी पुढे जाऊन, टॉर्च थेट रोखून धरला. आकडा शून्य. माझ्या पायांवर, भिंतीवर, छतावर उजेड सांडत होता आणि तिथे शून्य.

मी टॉर्च बंद केला.

मिट्ट काळोखात मीटरचा हिरवा आकडा एकटा दिसत होता. तो वाढत होता. सावकाश. झोपलेल्या माणसाची छाती वर येते तसा. आणि आकड्याच्या त्या एवढ्याशा हिरव्या प्रकाशात मीटरच्या पलीकडे भिंत असायला हवी होती, ती नव्हती.

दांड्यानं मीटर ओढला आणि मी वर पळाले. सोमवारी तो ऑफिसात तपासला. सकाळभर तपासला. यंत्र बिघडलेलं निघावं म्हणून इतकी आशा मी याआधी कधी धरली नव्हती. ते एकदम ठीक होतं.

रत्नदीपला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, विनू, तू झोपतेस का नीट? त्याच्या आवाजात काळजी होती. त्याहून तो ओरडला असता तर बरं.

मग मी एकच केलं. तो टॉर्च दोरीसकट समूच्या गळ्यात घातला. म्हटलं, हा तुझा. काढायचा नाही. ज्याला पडायची भीती त्याच्याजवळ उजेड हवा, असा हिशेब. तेव्हा तो मला बरोबर वाटला.

५

त्या दिवशी सोनल माहेरी गेलेली, म्हणून समू वर आजीजवळ होती. मी खाली पोचले आणि लिफ्टचा दिवा डोळ्यादेखत गेला. फोन केव्हाच गेला होता. कमलेशच्या दारातून टीव्हीचा आवाज येत होता; त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.

कठडा धरून चढायला लागले. पहिल्या मजल्यावर आले की वर हाक मारायची माझी सवय आहे, घरात कळावं म्हणून.

"समूऽ"

"ओऽ"

ओ दारातून यायला हवा होता. तो जिन्यातून आला. आणि वर कुठेतरी उजेड हलायला लागला, गळ्यातल्या दोरीवर झुलणारा, लहान.

"आई, मी येते तुला दिवा दाखवायला."

थांब म्हणून मी ओरडले. तिथेच थांब, हलू नकोस. आणि पळत सुटले. तिच्या चपलांचा फटफट आवाज खाली येत होता. मी वळणाच्या खालच्या पायऱ्यांवर पोचले तेव्हा ती वरच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिलेली. मधे ते वळण, एवढंसं. दोन ढांगांचं.

टॉर्च मंद होता. उजेड तिच्या फ्रॉकवर पडत होता, पायरीवर पडत होता आणि वळणाकडे येताना बाजूला वळत होता. रोजचंच. पण रोज तो कोपऱ्याशी वळायचा. त्या दिवशी मधली फरशी दिसत नव्हती. पहिली पायरी अर्धी दिसत होती. काळोख कोपऱ्यातून बाहेर येऊन तिच्या पायांशी बसला होता.

"आई, तू दिसत नाहीस," समू म्हणाली.

माझ्या डोक्यात एकच विचार. जास्त उजेड. मोठा कर म्हणायचं होतं मला. रोज मी मोठा कर असंच म्हणते. पण घरात इतके दिवस तो एकच शब्द घुमत होता, आणि तोंडातून तोच गेला.

"समू, दिवा वाढव. लवकर वाढव."

"हो," ती म्हणाली. शहाणी मुलगी. सांगितलेलं ऐकणारी. तिनं बटण दाबून धरलं.

काळोख.

"वाढवला, आई."

मी पुढे झेपावले असेन. पाय उचलल्याचं आठवतं, टेकल्याचं नाही. कारण त्या काळोखात कोपरा दिसला. तिथला काळोख तेवढा पातळ होता. तिथे कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उकिडवं बसलेलं होतं. ते उठायला लागलं. उठतच राहिलं. त्याचं उठणं संपत नव्हतं.

मग टॉर्च लागला.

६

समू कोपऱ्यात उभी होती. भिंतीला पाठ लावून, गळ्यात टॉर्च, मोठ्या उजेडावर.

आणि कोपरा दिसत होता. पहिल्यांदा. फुटलेली फरशी, कोळ्याचं जाळं, कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेला प्लंबरचा नंबर. साधा, घाणेरडा कोपरा. मला हसूच फुटलं. उजेड पोचला होता! समूला छातीशी धरून मी रडत होते आणि रडता रडता माझ्या मनात आलं, या टॉर्चबद्दल चांगलं लिहायला हवं.

तिला उचलून निघाले तेव्हा पायरीवर तिच्या चपला दिसल्या. एकीला एक लावून, नीट, कोपऱ्याकडे तोंड करून. कुणाच्या घरात शिरताना बाहेर काढून ठेवतात तशा. समूनं उभ्या आयुष्यात चपला नीट काढलेल्या नाहीत. माझे हात भरलेले होते. मी त्या तिथेच सोडल्या.

निघताना तिनं मागे बघितलं नाही. येते हं म्हणाली नाही.

सासूबाई दार उघडून उभ्या होत्या, हातात निरांजन. समूला खाली ठेवलं. ती उंबरठ्यावर क्षणभर थांबली, आत बघितलं आणि म्हणाली, "आले."

निरांजनाची ज्योत बाजूला वळली. वारा नव्हता. सासूबाईंनी ज्योतीकडे बघितलं, मग समूकडे, आणि त्या बाजूला झाल्या. त्या रात्री त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. गोष्ट सांगितली नाही. समूनंही मागितली नाही.

दोन दिवसांनी त्यांनी गावाला जायचं काढलं. डॉक्टरांनी अजून नको सांगितलेलं, रत्नदीपनं समजावलं, त्या ऐकेनात. रिक्षा खाली आली तेव्हा समू दारात उभी होती. सासूबाई तिच्या अंगाला न लागता, भिंतीला चिकटून बाहेर पडल्या. माझ्याकडे बघितलं.

"जाते," म्हणाल्या.

७

समू ठीक आहे. असं सगळे म्हणतात. शाळेत ठीक, सोनलकडे ठीक, जेवते, अंघोळ करते. रत्नदीप म्हणतो, ती किती शांत झालीय, आणि मग माझ्याकडे बघतो; आईचं हे खूळ लेकीत उतरलं नाही ते बरं, असं त्याला वाटत असावं.

लाइट असते तोवर मलाही पटतं.

काल संध्याकाळी गेली. समू पलंगाच्या पलीकडे, कपाटाच्या शेजारी बसलेली. टॉर्च आता माझ्याकडे असतो. तिनं स्वतःच गळ्यातून काढून दिला. मी तो पेटवला. पलंग दिसला, उशी दिसली, तिची बाहुली दिसली. कपाटाकडे जाताना उजेड वळला.

मी मोठा केला. जास्त वळला.

"काय गं आई?" तिथून आवाज आला. गोड आवाज.

रत्नदीप बाहेरच्या खोलीत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की टॉर्च खराब निघाला? खाली जाऊन येते, एवढंच म्हटलं आणि जिना उतरायला लागले.

चौथ्या मजल्यावर, सवयीनं, कुणाला ते न ठरवता हाक मारली.

"समूऽ"

"ओऽ"

खालून आला तो.

वळणावर पोचले. टॉर्च मोठ्यावर होता. कोपरा लख्ख दिसत होता. फुटलेली फरशी, जाळं, प्लंबरचा नंबर. कुणी नाही. पायरीवर तिच्या चपला अजून तशाच, वर बारीक धूळ बसलेली. इतके दिवस माणसं येत-जात होती आणि कुणाचा पाय त्यांना लागला नव्हता.

"आई." रिकाम्या, उजेडानं भरलेल्या कोपऱ्यातून. घसा बसलेला, रडून रडून बसतो तसा. "आई, दिवा वाढव ना."

वर आमच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज झाला. अनवाणी पावलं, हलकी, जिन्याकडे येणारी. रत्नदीप कुणाला तरी म्हणत होता, आईकडे जायचंय का, जा, सावकाश जा.

कोपऱ्यातून बोलणारी ही आजीनं शिकवलेलं ऐकणारी माझी मुलगी. की माझ्या मुलीनं ऐकलेलं सगळं ऐकत बसलेलं दुसरं कुणी? शब्द दोघांना येत असेल. मला एवढंच ठाऊक होतं की उजेडात हा कोपरा रिकामा आहे.

मी चपला काढल्या. तिच्या चपलांशेजारी, एकीला एक लावून ठेवल्या.

"वाढवते, बाळा," म्हटलं, आणि बटण दाबून धरलं.